नामदेवाची उंची आणि आमची ज्युनिअर हॉकी टीम

परवा शाळेतून दोन तरुण मास्तर घरी आले. म्हणाले, "आजोबा, शाळेच्या जुन्या हॉकी टीमचा इतिहास लिहून द्या." म्हटलं, इतिहास म्हणजे नेमकं काय लिहू? तर म्हणे, कोणकोणते कप मिळवले ते लिहा. घ्या! कप एकही नाही. आम्ही अमरावतीला गेलो, अकोल्यावाल्यांशी खेळलो, आणि जसे गेलो तसे हात हलवत परत आलो. ज्यांना कप मिळतात, त्यांचे कप कपाटात जाऊन बसतात आणि विषय मिटतो. आम्ही पडलो हरणारे, म्हणून आमच्याकडे किस्से! एक सांगायला घ्यावा तर त्याचं बोट धरून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागं तिसरा.

मास्तर चहा पिऊन निघून गेले. तुम्ही मात्र बसलाच आहात, तर ऐका. पण मधेमधे "मग जिंकले का?" असं विचारायचं नाही. मला राग येतो.

काळ सी. पी. अँड बेरारचा, म्हणजे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचा. राजधानी नागपूर, आणि आम्ही वऱ्हाडातले, म्हणून नागपूरवर कायम थोडे रुसलेले. गाव चांदूर रेल्वे. शाळेत ड्रिलला हबीब मास्तर. उंच, हाडकुळे, आणि स्वभावानं माझ्याहून काळजीखोर. मी गोलकीपर. माझे वडील वकील, म्हणून पोरं मलाही 'वकील'च म्हणायची. गोलमध्ये मला का उभं केलं? कारण मी घाबरलो की जागचा हलत नसे! हबीब मास्तर म्हणाले, "गोलकीपर को यही चाहिए."

आणि सेंटर फॉरवर्ड नामदेव. किसनबुवा माळ्याचा मुलगा. त्याच्यासारखी हॉकी मी पुन्हा पाहिली नाही. बॉल त्याच्या काठीला लागला की सुटायचं नावच घेत नसे. हे सगळे किस्से म्हटलं तर त्याचेच आहेत.

* * *

आमचं ग्राउंड म्हणजे काळी माती. थंडी सरली की तिला भेगा पडायच्या, अशा की लहान पोराचा पाय गुडघ्यापर्यंत आत जावा. एकदा रेल्वे क्वार्टरच्या पोरांशी मॅच होती. नामदेवानं सणसणीत फटका मारला, बॉल माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या गोलकडे गेला आणि नाहीसा झाला!

सगळे शोधायला लागले. बॉल गोललाइनवरच्या भेगेत पडला होता. रेल्वेवाले म्हणाले, लाइनच्या अलीकडे आहे. आम्ही म्हटलं, पलीकडे. अंपायर आमचेच हबीब मास्तर. ते बिचारे पालथे झोपले, भेगेत डोळा घातला, बराच वेळ पाहत राहिले. उठून कपडे झटकले आणि म्हणाले, "गोल हुआ है. बाहर नहीं आया अभी."

त्या दिवशी झालेली मारामारी मी सांगत नाही.

मग मास्तरांनी मनावर घेतलं. भेगा बुजवायच्या! कशानं? जवळच जिनिंग फॅक्टरी, तिथं सरकीचे ढीग. पोरांनी टोपल्यांनी सरकी आणून भेगांत कोंबली. वरून माती लोटली. धूळ उडू नये म्हणून विहिरीवरून बादल्या आणून पाणी मारलं. ग्राउंड असं झकास झालं की मास्तर त्याच्यावर अनवाणी चालून पाहत होते.

आठवडाभरानं पाहतो तर पूर्ण ग्राउंडवर कपाशीची पऱ्हाटी उगवलेली! गोलपुढं तर गर्दीच. सकाळी सकाळी शेळ्या येऊन सेंटरलाइनवर चरायला लागल्या.

किसनबुवा डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन बाजाराला निघाले होते. ग्राउंडच्या बांधावर थांबले, डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि अगदी आदरानं म्हणाले, "मास्तर, शाळा चांगली चालू हाये तुमची. पण पेरलं भल्लं दाट. इरळणी करा लागते!"

* * *

नामदेव स्वभावानं कसा होता, ते सांगतो. अकोल्याची एक टीम आमच्याकडे खेळायला आली. मॅच तेव्हा 'बुली'नं सुरू व्हायची. दोघं सेंटर फॉरवर्ड समोरासमोर, मधे बॉल. काठी जमिनीला टेकवायची, मग एकमेकांच्या काठीला लावायची, असं तीनदा. तिसऱ्यांदा लागली की बॉलवर झडप!

आम्ही श्वास रोखून उभे. एक झालं, दोन झालं, तीन झालं. आणि नामदेव काठी मागं घेऊन म्हणतो, "घ्या नं तुमी."

अकोल्याचा पोरगा आधी बावचळला, मग बॉल घेऊन सुटला तो थेट माझ्या अंगावर! गोल!

हबीब मास्तर लालबुंद. "नामदेव! ये क्या था?"

"मास्तर, पाहुणे हायेत ते. आधी पाहुण्यायले द्या लागते, माय म्हणते."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे, मेहमानदारी मॅच के बाद रे बाबा! बाद में पोहे खिला!"

दुसऱ्या बुलीला त्यानं बॉल घेतला खरा, पण आधी "माफी करजा बाप्पा" म्हणून घेतला. तेवढ्यात बॉल पुन्हा अकोल्यावाल्यांकडे गेला.

* * *

आता मुख्य गोष्ट. ज्युनिअर म्हणजे काय? वयाचा दाखला? छे हो! जन्मतारीख कोणाच्या आईला ठाऊक होती? "भल्ला पूर आलता नं, त्या साली झाला," एवढंच सांगायच्या. म्हणून अमरावतीच्या ज्युनिअर हॉकी स्पर्धावाल्यांनी सोपा कायदा केला होता. दोन खांब, त्यांच्या खुंट्यांवर ठेवलेली एक आडवी दांडी. अनवाणी, गुडघे की कंबर न वाकवता, चालत खालून जायचं. डोकं लागून दांडी पडली तर तू मोठा, घरी जा. नाही पडली तर ज्युनिअर, खेळ. जायचं एकदाच. दुसऱ्यांदा नाही.

हबीब मास्तरांनी त्याच मापानं शाळेच्या व्हरांड्यात बांबू बांधून ठेवला होता. दिवाळीची सुट्टी संपली, आम्ही हसतखेळत ओळीनं खालून गेलो. नामदेव आला आणि त्याचे केस बांबूला सरसरत घासले.

आमचं हसणं तिथंच थांबलं.

कारण नामदेवाचं हे शेवटचं वर्ष होतं. किसनबुवांनी सांगून टाकलं होतं, "अमरावतीचं काय ते खेळून घे. मंग शाळाबी बंद न् खेळबी बंद. मोट हाकाले माणूस नाई मले." त्यांचंही चूक नव्हतं. मळा होता, वांगी होती, झेंडू होता, आणि हात दोनच. नामदेवानं ते मान्यही केलं. त्याचं मागणं एकच होतं. अमरावतीला लाल मुरमाचं ग्राउंड आहे, त्याला भेगा नाहीत, बॉल गोळीसारखा पळतो, असं मास्तरांनी कधीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून त्यानं ध्यासच घेतला.

"वकील, मले एकडाव त्या मैदानावर खेळाचं हाये. एकडावच. मंग जिंदगीभर मोट हाकीन."

आणि मापाचं घरी कळू द्यायचं नाही, हेही त्यानंच बजावलं. बापाला कळलं असतं तर तो म्हणाला असता, मोठा झाला नं, मग अमरावती कायले पाहिजे, चाल मोटेवर! म्हणजे स्पर्धा होईपर्यंत नामदेव वाढता कामा नये. थंडीचे दोन महिने. वाढत्या वयाचं पोर. आता तुम्हीच सांगा, झोप कशी यावी आम्हाला?

* * *

पहिला उपाय पोरांनी काढला. निजलेल्या माणसाला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, हे तर सगळ्यांना माहीत. म्हणजे आपल्या आया ओरडतातच ना, "ओलांडू नको रे त्याले!" आम्ही तेच करायचं ठरवलं. रोज प्रॅक्टिस झाली की नामदेव ग्राउंडवर उताणा झोपायचा आणि पूर्ण टीम एकेक करून त्याला ओलांडून जायची. आमचा फुलबॅक दादाराव अंगानं जड, तो ओलांडताना हमखास नामदेवाच्या पोटावर पाय द्यायचा. "लागलं का बे?" "नाई, जाय तू."

एक दिवस नामदेवाची आई गिरजामाय मळ्यातून परत जाताना आडवाटेनं ग्राउंडवर आली. बघते तर पोरगा जमिनीवर आडवा आणि वकिलापासून सगळे त्याला ओलांडून राहिलेले!

"मेल्याहो! माह्या लेकराले बुटकं करून राहिले का रे!"

अशी कडाडली की दादाराव तिथंच खाली बसला. काय सांगणार? मापाचं तर बोलायचं नाही. ती म्हणाली, "एकबी जागचा हालू नका. नाम्या, झोप पुन्हा. आता उलटे ओलांडा सगळे!" कारण उलटं ओलांडलं की वाढ पुन्हा सुरू होते ना! आम्ही मुकाट्यानं रांगेत उभे राहिलो आणि पाठमोरे होऊन, एकमेकांना धरत, उलटे ओलांडायला लागलो. जेवढं रोज खुंटवलं होतं, तेवढं सगळं वाया!

आरडाओरडा ऐकून हबीब मास्तर धावत आले. "क्या हुआ, बाई?"

"मास्तर, तुमच्या ग्राउंडवर झालं नं हे? मंग तुमीबी या. ओलांडा!"

हबीब मास्तरांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, बिस्मिल्ला म्हटलं आणि उलटी ढांग टाकली. टाकता टाकता खाली वाकून नामदेवाच्या कानात म्हणाले, "अब बढ़ मत, बेटा! खुदा के वास्ते!"

* * *

गिरजामायचा तेवढ्यानं जीव थंड झाला नाही. आपलं लेकरू खरंच खुंटलं तर? तिनं डिंकाचे लाडू केले. तूप, खारका, खोबरं, काही कमी केलं नाही. रोज शाळेत येताना नामदेवाजवळ डबा. "सगळे खाय. एकबी परत आणू नको."

नामदेव धर्मसंकटात. खावे तर वाढेल, न खावे तर माय रडेल. टाकून द्यावे तर अन्न! शेवटी तो डबा आमच्यापुढं ठेवायचा. आम्ही टीमसाठी त्याग म्हणून खायचो. दादाराव तर सगळ्यात जास्त त्याग करायचा.

दर शनिवारी बांबूखालून परेड. नामदेवाचे केस घासले, पण बांबू हलला नाही. हुश्श! मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच मागून 'टक्क' असा आवाज आला.

वळून पाहतो तर दादाराव! डोकं धरून उभा, आणि बांबू झुलतोय.

"मास्तर, मी काहीच नाई केलं जी!" तो रडायलाच लागला. "लाडूच खाल्ले फक्त!"

नामदेव डब्याचं झाकण लावत शांतपणे म्हणाला, "लागा आता याले ओलांडाले."

* * *

दादारावाचं सोपं होतं. त्याच्या डोक्यावर केसांचं जंगल होतं, तेल लावून चापून बसवलं की तो खालून जायचा. नामदेवाचे केस आधीच बारीक. पौष लागला आणि बांबू त्याच्या टाळूला नुसता घासून राहिला नाही, हलायला लागला. स्पर्धा तोंडावर. एक दिवस तो कोणाला न विचारता न्हाव्याकडे गेला आणि डोकं सफाचट करून आला.

आता हसू नका. आपल्यात पोरगा एकाएकी डोक्यावरचे केस उतरवतो केव्हा? बाप गेल्यावर!

शेजारच्या सखूबाईनं त्याला रस्त्यात पाहिलं. डोकं भादरलेलं, डोळे लाल. डोळे लाल कशानं, तर न्हाव्याचा वस्तरा बोथट होता म्हणून! पण बाईनं काही विचारलं नाही. पदर डोळ्यांना लावला आणि हंबरडा फोडत थेट नामदेवाच्या घरी. "गिरजे, कसं झालं व माय! एकाएकी कसं झालं!"

गिरजामाय भाकरी थापत होती. काय झालं ते तिलाही ठाऊक नाही, पण समोरची एवढी रडते म्हणजे काही तरी भयंकर झालंच असेल, म्हणून तीही रडायला लागली. आवाज ऐकून आणखी चारजणी आल्या. त्याही बसल्या. रडणं रंगात आलं, तेवढ्यात मागच्या दारानं किसनबुवा आले, विहिरीवरून हातपाय धुऊन, गमछ्यानं तोंड पुसत.

"कोण गेलं व?"

बायकांनी किंकाळ्या फोडल्या. सखूबाईला काही सुचेना, ती हुंदका देत म्हणाली, "तुमीच गेले नं भाऊजी!"

मग नामदेव आला. सगळ्यांनी त्याला घेरलं. तो म्हणाला, उवा झाल्या होत्या. आई बोलली, शेजारणी बोलल्या, जिवंत बापाच्या पोरानं असं करतात का म्हणून. मी त्याच्या मागोमाग येऊन दारात उभा होतो. वाटलं, किसनबुवा आता याला सोलून काढतात. पण त्यांनी त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि आपला गमछा त्याच्या डोक्याला बांधून दिला. म्हणाले, "ऊन लागंन. केस काय, येतीन परत."

दुसऱ्या दिवशी नामदेवाचं खेळात लक्ष नव्हतं. मला म्हणाला, "वकील, बाबाशी खोटं बोललो मी. भल्लं वाईट वाटून राह्यलं." मलाही वाटत होतं. पण बांबूखालून तो आता नखभर अंतरानं जात होता, आणि खरं सांगतो, मला त्या नखाचाच आनंद जास्त झाला होता.

* * *

स्पर्धेचा दिवस. माप दुपारी, मॅच उतरत्या उन्हात. हबीब मास्तरांनी कुठं तरी ऐकलं होतं की माणूस सकाळी उंच असतो आणि दिवसभर उभं राहून, ओझं वाहून कमी होतो. त्यांनी हुकूम काढला, अमरावतीपर्यंत नामदेव बसणार नाही. उभा राहील, आणि काठ्यांची ट्रंक त्याच्या डोक्यावर राहील.

सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. डबा अर्धा रिकामा, आम्ही ऐसपैस बसलेलो, आणि नामदेव मधोमध डोक्यावर ट्रंक घेऊन उभा. एक म्हातारबा सारखे त्याच्याकडं पाहत होते. शेवटी राहवलं नाही.

"मास्तर, काय गुन्हा केला गा पोरानं?"

"कुछ नहीं, चाचा. इसका माप है आज."

म्हातारबांना काय कळलं देव जाणे. त्यांनी आपलं गाठोडं घट्ट धरलं आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

बडनेऱ्याला गाडी बदलायची. प्लॅटफॉर्मवर उतरलो तर एक जाडजूड गृहस्थ घाईघाईनं आले. नामदेवाला पाहून "ए कुली!" म्हणाले आणि आपला बिछान्याचा होल्डॉल सरळ ट्रंकेवर चढवला! आम्ही भांडायला पुढं झालो. मास्तरांनी आम्हाला मागं ओढलं.

"रहने दो, रहने दो! उतना ही दबेगा!"

नामदेवानं होल्डॉल टांग्यापर्यंत नेऊन दिला. परत आला तेव्हा घामानं ओला झाला होता आणि हसत होता. मान चोळत मला म्हणाला, "वकील, पाह्य बरं, बसलो का मी थोडासा?"

मी त्याच्याकडं पाहिलं. खरं तर काही कळत नव्हतं. पण म्हटलं, "हो. बसलास."

* * *

अमरावतीचं ग्राउंड पाहून आम्ही सगळे कडेलाच थबकलो. लाल, सपाट, आणि कुठं एक भेग नाही. नामदेव खाली बसला, मुरूम मुठीत घेतला, चोळला, आणि बोटांच्या फटीतून सोडत राहिला. मग त्यानं खिशातून बॉल काढला आणि हातानंच हलके ढकलला. तो जातच राहिला. नामदेव मागं पळाला, घेऊन आला, पुन्हा ढकलला. त्याचं हसू काही केल्या थांबेना.

मापाची जागा ग्राउंडच्या कडेला. दोन खांब, वर पांढरी रंगवलेली लोखंडी दांडी. शेजारी टेबल घेऊन एक साहेब बसलेले, बोलायला सौम्य, पण कायद्याचे पक्के. आमच्या आधीच्या टीममधला एक पोरगा लागला. दांडी खणकन खाली पडली. त्यानं हात जोडले, पाया पडला. साहेब म्हणाले, "बाळ, एकदाच." तो रडत बाजूला झाला.

आमचं नाव पुकारलं. मी गेलो. दादाराव गेला, डोकं तेलानं निथळतंय, डोळे मिटलेले, पण गेला! एकेक करून सगळे पलीकडे पोचलो. अलीकडे राहिला एकटा नामदेव आणि त्याच्या मागं हबीब मास्तर.

मास्तरांनी महिनाभर त्याला शिकवलं होतं. खांदे सोडायचे, मान आत घ्यायची, श्वास टाकायचा, आणि काही झालं तरी नजर जमिनीवर. मान वर केली की संपलं. ते त्याला हळूच म्हणाले, "जमीन देख, बेटा. सिर्फ जमीन." आणि स्वतः आभाळाकडं पाहून ओठ हलवायला लागले.

नामदेव निघाला. एक पाऊल. दुसरं. नजर खाली. त्याची तुळतुळीत टाळू दांडीखाली आली. मी पलीकडून पाहत होतो, मधे उजेडाची बारीक रेघ दिसत होती. जातो! जातोय!

"नामदेवा!"

आवाज ओळखीचा होता. ग्राउंडच्या कुंपणाशी किसनबुवा! डोक्यावर रिकामी टोपली, हातात झेंडूचा एक हार. देवीच्या देवळापुढं फुलं विकायला म्हणून ते आमच्या मागच्या गाडीनं आले होते. जो माणूस गावातल्या ग्राउंडवर कधी दोन मिनिटं खेळ पाहायला थांबला नाही, तो विचारत विचारत इथवर आला होता.

नामदेवानं आवाज ऐकला. मान वर केली, बापाला पाहिलं, आणि आनंदानं सरळ ताठ उभा राहिला.

दांडी खणकन पडली.

मास्तर मटकन खाली बसले. दादारावानं तोंड फिरवलं. साहेबांनी काही तरी लिहायला दौतीत टाक बुडवला आणि तसाच धरून ठेवला. नामदेव पडलेल्या दांडीकडं पाहत उभा होता.

किसनबुवा कुंपणाच्या तारेखालून वाकून आत आले, टोपली टाकली आणि धावत सुटले. चेहरा असा फुललेला, की मी जन्मात तसा पाहिला नव्हता. येऊन त्यांनी तो हार नामदेवाच्या गळ्यात घातला, त्याचे दोन्ही खांदे धरले आणि मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पाह्यलं का मास्तर! मी तथून पाहूनच राह्यलो होतो. एवढे पोट्टे खालून निंगून गेले, एकाचंबी टाळकं पोचलं नाई. माह्याच पोराचं पोचलं! एकाच दणक्यात पाडली त्यानं!"

नामदेवानं आमच्याकडं पाहिलं. डोळ्यांनीच सांगितलं, कोणी तोंड उघडायचं नाही. मग तो वाकला आणि बापाच्या पाया पडला.

किसनबुवांनी त्याला उठवलं. डोळे पुसले, लाल मैदानावरून एक नजर फिरवली, आणि आपली टोपली उचलून काखेत घेतली.

"मले वाटे, खेळ खेळ म्हणते, काय करत असंन हे पोट्टं. आता तुहा खेळ पाहूनच जातो, संध्याकाळ झाली तरी चालंन. सांग नामदेवा, कुठी बसू?"